बाकी

मी हजिरनीस. माणसं माझ्याकडे नाव होऊन येतात,
रकमेसकट.
तो आला तेव्हा सोलापूरच्या कोटात
बोरूची शाई टोकावरच वाळत होती.

नाव विचारलं.
मर्डो, म्हणाला. बापाचं विचारलं
तर घशातून खडा घरंगळला नुसता.
मोडीत कुठला बसतो तो खडा?
मी लिहिलं : मर्दोजी बिन माकोजी,
जात टोपीकर, गोलंदाज, दरमहा रुपये तीस.
इथं निशाणी कर म्हटलं, नावापुढं.
त्याला नेमकं काय कळलं देव जाणे,
त्यानं नाव काढली.
शिडाची. दोन वल्ह्यांची.

इंग्रज का रे तू?
तो खंदकात थुंकला.
मग मोडक्या दख्खनीत, अर्धं हातांनी, सांगत बसला :
बेट. दगड. बारा महिने ओलं गवत.
आज्याच्या डोक्यावरचं छप्पर
त्यांच्याच राजानं जाळलं,
आणि चौकड्यांचं कापड नेसायला बंदी केली.
कापडाला भिणारा राजा! मी हसलो. तो हसला नाही.
म्हटलं, म्हणजे आमचे धनी तुला परके,
तर मग आपला कोण?
बोट तोंडात घालून त्यानं भिजवलं, वर धरलं,
वारा कुठला ते बघितलं,
आणि तोफेला बत्तीची काठी टेकवून झोपला.

ज्वारीची भाकरी त्यानं पहिल्याच दिवशी ओळखली.
त्यांच्याकडे असलीच करतात म्हणे,
कसल्याशा घोड्याच्या दाण्यांची.
शेंगाचटणीनं मात्र रडवलं त्याला, दर वेळी,
आणि दर वेळी त्यानं ती मागून घेतली.

सिदगोंडा सणगर कोटात घोंगड्या घेऊन आला
त्या दिवशीचं सांगतो.
मर्दोजीनं एक उचलली,
तळ्यात बुडवली, पिळली,
आणि ओल्या लोकरीत तोंड खुपसून
उभाच राहिला.
सिदगोंडा म्हणाला, पैसे देणार का नुसता वास घेणार?
दीड रुपया. माझ्या वहीतून वळता केला.
मग ती काळी घोंगडी तो खांद्यावरून आडवी घ्यायचा,
कमरेला खोचायचा,
आमच्यात कुणीच घेत नाही तशी.

धनी रानोमाळ झाले. पगार थकला.
तळ्यापलीकडं लाल डगले उतरले.
रात्री पाणी आवाज जवळ आणतं.
त्यांच्या मोर्चात कुणीतरी ठेचकाळलं,
आईवरून शिवी हासडली असावी,
कारण बुरुजावर मर्दोजी ताठ झाला
आणि हळूच, त्याच बोलीत,
ती शिवी त्यानं पुरी केली.
सकाळी तोफ त्यानंच डागली.
कुठं डागली ते मी विचारलं नाही.
गोळा तळ्यात पडला एवढं खरं.

कोट पडला. दरवाजा उघडला.
मी मोजणारा माणूस.
कोटातली मेंढरं राखणारे तीन होते,
बाहेर चार गेले.
चौथ्यानं घोंगडीची खोळ नाकापर्यंत ओढली होती,
भर वैशाखात.

नव्या साहेबानं वही मागवली.
टोपीकर कुणी होता का चाकरीत?
त्याच्याही घशात तोच खडा. मान तांबडी, तीच.
त्याला मोडी येत नव्हती.
तेहतीस वर्षांत लिहिलेलं मी कधी चुकीचं वाचलं नव्हतं.
मर्दोजी बिन माकोजी, वाचलं,
जात धनगर.
आणि ही होडी कसली?
लेकरानं गिरगटलं असेल, साहेब.
तो त्या होडीकडं बराच वेळ बघत राहिला.
वल्ह्यावरून बोट फिरवलं.
मग म्हणाला, अक्षर बरं आहे तुझं. राहा. बारा रुपये.

नवी वही घातली. कागद विलायती, गुळगुळीत,
बोरू घसरतो.
पहिलं नाव माझंच.
राजाच्या जागी काय लिहू
हे साहेबानं सांगितलं, दोनदा,
आणि दोन्ही वेळा मला उमटवता आलं नाही.

जुन्या वहीचं ते पान घरी आहे.
तीन महिन्यांचे नव्वद, वजा घोंगडीचा दीड.
बाकी साडे अठ्ठ्याऐंशी, येणे कुणाकडून
ते लिहिलेलं नाही.