विरजण

वरूडला मी मंगळवारी जाते.
डिक्कीत सुयांची पेटी,
मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं
सोनोग्राफीचं जुनं मशीन.
रस्त्याला खड्डे फार. वळणावर
हात मागे नेऊन त्याला धरते.

आज टेबलावर गुंफाबाई ढोके.
संत्रं तोडताना घोडीवरून पडली,
मनगटाच्या वर दोन्ही हाडं तुटलेली.
"बेहोश नोको करू मायं," म्हणाली,
"घरी बकऱ्या हायेत."
बकऱ्यांचा नि बेशुद्धीचा संबंध
मी विचारला नाही.
तिच्या हिशेबात तो पक्का होता.

हासळीच्या वर, धडधडणाऱ्या धमनीच्या शेजारी
पडद्यावर दिसतो निंबोळ्यांचा झुपका:
एवढ्याशा त्या काळ्या दाण्यांतून
सगळा हात चालतो.
खुरपं, भाकरी, लेकराच्या पाठीत धपाटा,
सगळं इथूनच खाली उतरतं.

सिरिंज भरताना मी घड्याळ बघते.
चार वाजलेत.
बधिरीचं औषध एकटं असलं तर
रात्री दोनला हात सोडून देईल.
दोनला वॉर्डात नलू सिस्टर एकटी असते,
बावीस खाटा, आणि पलीकडे कुणीतरी बाळंत होत असते.
मी परतवाड्यात, उशीत तोंड खुपसून.

म्हणून डेक्साची अर्धी बाटली त्यात घालते.
आई दुधाला विरजण लावायची,
बोटाच्या पेराएवढं,
मग पातेलं फडक्यानं झाकून म्हणायची,
आता हलवू नका.
आनंदावर विरजण पडलं की लोक हळहळतात.
दुखण्यावर पडावं म्हणून मी
माप घेऊन घालते.

वीस मिनिटांनी स्पिरिटचा बोळा लावते.
"गार लागतं?"
"कायले लागते." मग मान वळवून
स्वतःच्याच हाताकडे पाहत,
"हा कोनाचा हात ठेवला वो इथं?"

आतलं तिला दिसू नये म्हणून हिरवा पडदा.
पडद्यापलीकडे ठवरे डॉक्टर ड्रिल चालवतात.
अलीकडे ती मला सांगते,
पांढरीच्या पोटात दोन आहेत,
आज-उद्या वेल.

हे सगळं चांगलं वाटायचं मला,
मागच्या हिवाळ्यापर्यंत.
दौलत कुमरेला मी अशीच लांब झोप दिली होती.
पाहुणे आले, दवाखान्यामागं शेकोटी पेटली,
तोही जाऊन बसला.
झोळीतून हात कधी घसरला
त्याला कळलं नाही. कळणार कसं?
वास आधी आला.
मग कोणीतरी ओरडलं.
तो नाही.

त्याच्या कोपरावर आजही
चिंचोक्याएवढा गुळगुळीत डाग आहे.
भेटला की रामराम घालतो, त्याच हातानं.

औषध घालणं मी सोडलं नाही.
पण आता निघण्याआधी
पायातल्या चपला काढून खाटेवर बसते,
आणि सुनेच्या मांडीवर तो हात ठेवते.
हा आता स्वतःचं काही सांगणार नाही, म्हणते,
चटका नाही, चिमटा नाही,
प्लास्टर आवळलं तरी नाही.
बोटं निळी पडतात का ते तू पाहायचं.
सून अठरा-एकोणीस वर्षांची,
बाळंतिणीकडून मूल घ्यावं
तसा दोन्ही हातांनी घेते.

बुधवारी दहाला फोन वाजतो.
"मॅडम, मुंग्या आल्या."
"कुठं?"
"अंगठ्यात. आता मधल्या बोटात बी."
मागून गुंफाबाईचा आवाज,
"दुखून रायलं न जी आता,
माहाच हाये मनावं!"
गोळी द्या, मी सांगते, लगेच द्या, सिस्टरला विचारा.

वहीत लिहिते: अठरा तास.
पुढं शेरा म्हणून रकाना आहे, दोन बोटं रुंद.
पांढरी व्यायली का,
विचारायचं राहिलं.