दोन ढीग

कंत्राटाच्या एकोणचाळिसाव्या पानावर एक ओळ आहे :
वरची फूटभर माती वेगळी ठेवावी.
त्या ओळीचा मला पगार मिळतो.

रुकडीच्या शिवारात, पंचगंगेकडं उतरत गेलेल्या
नेमगोंडा मगदुमांच्या पट्टीतून
वीज जायची आहे जमिनीखालून.
खांब नाही, वर तार नाही,
वेड्या राघूला बसायला काही नाही.
फक्त एक चर, माझ्या हनुवटीपर्यंत खोल.

मी पट्टी लावली, फक्कीनं रेघ मारली.
मगदूम म्हणाले, फूट कशाला मोजताय मॅडम,
कुठं थांबायचं ते माती सांगती की.
उकिडवे बसले. विळ्याच्या टोकानं
पहिल्या खड्ड्याची कड तासून घेतली
आणि वाचू लागले, वरून खाली :

नांगर पोचतो तिथवर सगळे पूर मिसळून गेलेत,
पाचचा काय, एकोणीसचा काय,
आता वळखू येत न्हाईत.
खाली बघा. ही फिकी रेघ.
तिच्या खाली ही, वाळूची.
ह्या पुरांना नावं न्हाईत.
नाव ठेवणारंच वाहून गेलं आसंल.

मग बोटभर राख. राखेत खापराचा तुकडा, नखाएवढा.
मी पिशवीत घालून वर तारीख लिहिली.
ते म्हणाले, कुणाचं तरी कालवण सांडलं आसंल.

दस्तगीर शिकलगारनं पोकलेनचे दात उतरवले,
सपाट बकेट चढवली,
आणि काळी अशी सोलत गेला
जसा दुधावरचा सायीचा पापुद्रा,
खालच्या दुधाला कळू न देता.
काळी डावीकडं. पिवळी, चुनखडीची, उजवीकडं.
मधे वाट, आणि त्या वाटेवर मी,
दोघींची गाठ पडू नये म्हणून.

ऑफिसचा फोन आला. सात दिवस मागं आहात.
दिवे पाठवतो, रात्रीचं काम काढा.
दिवे आले. दस्तगीरनं किल्ली काढून खिशात टाकली.
लायटीत काळी न् पिवळी सारखीच दिसती, म्हणाला,
मी न्हाई कापायचो.
मी रजिस्टरात लिहिलं : यंत्र नादुरुस्त.
नोकरीतलं माझं पहिलं खोटं.
अक्षर चांगलं आलं.

पुढं केबलचं रीळच अडकलं कुठल्याशा बंदरात.
दोन महिने ढीग नुसते पडून.
एका सकाळी बघते तर मगदूम काळ्या ढिगावर
ताग फोकत होते.
मेलेली माती परत घालून काय उपेग?
तागाला पिवळी फुलं आली.
मी फोटो पाठवला, तर वरून उत्तर आलं :
साइटवरचं गवत ताबडतोब काढा.
काढलं नाही. उत्तरही दिलं नाही.

भरताना उलटं. शेवटी निघाली ती आधी आत,
थराथरानं, दाबून, पण चुरगाळून नाही.
ताग तसाच गाडला, हिरवा.
थोरल्या सुनेनं, राजमतीनं, बांधावरनं विचारलं,
तार तापली तर गांडुळं कुठं जातील?
तार किती तापेल याचा तक्ता माझ्याकडं होता.
गांडुळांचा रकाना त्यात नव्हता.
बघू, म्हणाले. तीही बघू म्हणाली,
पण वेगळ्या आवाजात.

पिवळी साडेतीन ट्रॉल्या उरली.
काळी एक घमेलंसुद्धा नाही.
ताडपत्री झाडली, चाकांच्या खाचा खरवडल्या,
तरी कडेला कुठंतरी तळहाताएवढं उणं राहिलंच.

पुढच्या उसात कळेल, मगदूम म्हणाले.
पट्टीभर ऊस एका उंचीचा उभा राहिला तर तुमचं खरं.
न्हाईतर तुमची रेघ मला वरनं दिसंल,
जन्मभर.

निघताना त्यांनी मला बांधावर थांबवलं.
बूट काढा.
मी काढले. त्यांनी एकेक उलटा धरून
शेतात झाडला, टाच आपटून आपटून,
मग बोटानं आत चाचपून बघितला.

आता जावा, म्हणाले.