चार दहा, चार तेरा

सबस्टेशनात रात्रपाळीला माझ्या टेबलावर दोन वह्या असतात.
एकीत तासातासाचे अँपिअर.
दुसरीत झुरणी नदी, सात कमानींचा पूल,
पुलाखाली काजळ्या राक्षस,
पुलावर दीप्तसेन, हातात
विजेची घडवलेली तलवार.
वीज हा खात्याचा माल. थोडा कथेत वळवला, एवढंच.

तुळशीराम गेडाम वायरमन. माझा एकुलता वाचक,
तोही ऐकून वाचणारा.
खांबावरून उतरतो, हात धुतो,
जवसाच्या चटणीशी भाकर मोडत म्हणतो,
"वाचा जी."

अकराव्या प्रकरणात काजळ्या मेला.
दोन पानं भरून मी रक्त सांडलं, काळं, उकळतं.
तुळशीरामनं डबा झाकला.
"मंग आता पुलाखालचं पानी कोन राखते?
आन् त्याच्या घरी होतं का जी कोनी?"
राक्षसाला घर कशाला, मी म्हटलं.
दीप्तसेन निर्मळ आहे. गोष्टीत कुठंतरी
पाय टेकायला जागा लागते.
"हौ," तो म्हणाला.
पटलं नाही की तो असंच हौ म्हणतो.

एप्रिल. मोह टपटपण्याचे दिवस.
पहाटे चार दहाला फीडर ट्रिप झाला. अर्थ फॉल्ट.
फांदी असेल. वटवाघूळ असेल.
नियम असा, की एकदा चार्ज करून बघायचं.
चार तेराला मी हँडल फिरवलं.
लाईन टिकली.
वहीत लिहिलं, होल्ड. अक्षर चांगलं आलं.
मग दुसरी वही ओढली
आणि दीप्तसेनाला पांढरा घोडा दिला.

उजाडल्यावर कळलं.
दादाजी नन्नावरेनं उन्हाळी धानाभोवती तार ओढली होती,
रानडुकरांसाठी, अकरा केव्हीवर आकडा टाकून.
शेवंताबाई कुमरे मोह वेचायला निघालेली.
टोपलं बांधावर पालथं. टोपल्यात काही नव्हतं अजून.

तिला उचललं दादाजीनंच.
आपल्या बंडीत घालून सिंदेवाहीपर्यंत
बैलांना मारत, रडत नेलं.
पोलिसानं विचारायच्या आधी म्हणाला,
तार माझी हाय.

आकडा मला माहीत होता का?
होता. माघात येताजाता दिसला होता.
त्याच्या मायच्या तेरवीला मी जेवलो होतो,
बोललो नाही.

डॉक्टरांनी लिहिलं, पहाटे चारच्या सुमारास.
सुमारास.
त्या शब्दात तीन मिनिटं आरामात मावतात.
पहिल्या वेळी गेली, की दुसऱ्या,
हे लॉगबुक सांगत नाही.
साहेबांनी वही तपासून सही केली. सगळं नियमात.

बाराव्या प्रकरणासाठी मी एक मुळी योजली होती,
मेलेल्याला उठवणारी.
ती खोडली. एवढी खोडली की कागद फाटला
आणि मागच्या पानावरचा घोडा दिसू लागला.
काजळ्याला घर लिहून दिलं, आई दिली,
तरी तो मरतोच; आई दिल्यानं फक्त
मारायला वेळ लागतो.
दीप्तसेन सातव्या कमानीवर उभा आहे.
तलवार म्यानात घातली तरी
ती आत चालूच राहते, हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं.
तुळशीराम विचारतो, "पुढं काय झालं जी?"
मी म्हणतो, उभा आहे.
"हौ."

आज रात्री सावरटोल्याजवळ जंप तुटला.
तुळशीराम सायकलला शिडी बांधून गेला.
फोन आला, "बंद हाय नं जी? चढतो."

मी हँडल पाहिलं. पाटी पाहिली.
बाहेर जाऊन आयसोलेटरची पाती टॉर्चनं मोजली,
तिन्ही उघडी.
आत आलो. परत गेलो.
"साहेब?"
थांब, म्हटलं,
अजून एकदा बघतो.