व्हर्लीन टॅकेट यांस, न पाठवलेला मसुदा

बाई,
तुमचं पत्र पोचलं.
बी-बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर,
फेब्रुवारीच्या पाठीवर पेन्सिलीनं.
आवक क्रमांक टाकला. तो माझ्याच हातचा,
माझा आठ थोडा वाकडा येतो.

तुम्ही लिहिता : साहेबांना एक सही तर करायची आहे
आमच्या ड्यूईसाठी,
टीव्हीवर रोजच करतात, वर पेनंही वाटतात.
लिहिता : नोव्हेंबरात टर्कीला माफी देतात,
माझं पोर टर्कीहून फार वाईट नाही.

हे वाक्य मी शेजारच्या टेबलावरच्या लिओपोल्डला वाचून दाखवलं.
तो हसला,
मग बराच वेळ चष्मा पुसत बसला.

आता नियम.
राष्ट्राध्यक्षांचा माफीचा हात लांब आहे.
न्यायाधीशाच्या डोक्यावरून जातो,
संसदेला विचारत नाही,
कारण सांगायचीही सक्ती नाही.
पण पोचतो तो फक्त केंद्राच्या गुन्ह्यांपर्यंत.
ड्यूईचा गुन्हा केंटकी राज्याचा.

मी फाइल मागवली. मागवायची गरज नव्हती.
तुमच्या गावात पोस्ट आणि तंबाखूचं दुकान
एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत.
रात्री दोन वाजता पोरानं डावीकडचं दार फोडलं.
एकशे चाळीस डॉलर, सिगारेटची सहा खोकी.
उजवीकडचं फोडलं असतं,
टपाल तिकिटांचा गल्ला उचलला असता,
तर गुन्हा आमचा झाला असता
आणि तुमचं कॅलेंडर आज जिना चढून वर गेलं असतं.

एका विटेची भिंत, बाई.
ज्याच्या एका शब्दावर भर समुद्रात
विमानवाहू जहाज तोंड फिरवतं
त्याचा हात त्या विटेपाशी थांबतो.

ती वीट चुकून राहिलेली नाही.
राजाला विटलेल्या माणसांनी मोजूनमापून बसवली.
मला ते पटतं. खरंच पटतं.
संसदेनं पैसे अडवले, कचेरीला कुलूप लागलं,
मी तीन आठवडे बिनपगारी घरी बसलो,
तेव्हाही पटत होतं,
फक्त घरभाडं त्यातून भागत नव्हतं.
उद्या त्या खुर्चीत कोण येऊन बसेल
कुणी सांगावं,
त्याचा हात तुमच्या फडताळापर्यंत येऊ नये
म्हणून ही भिंत.

पण हे तुम्हाला कसं लिहायचं?
तुम्ही तर तिलाच कपाळ टेकून उभ्या.

छापील उत्तर तीन ओळींचं आहे.
विषय अधिकारकक्षेबाहेर. गव्हर्नरांकडे अर्ज करावा. कळावे.
सही यंत्र करतं. शाई निळी.

उत्तरासाठी तुम्ही एक तिकीट जोडलं होतं.
सरकारी टपालाला ते लागत नाही.
टाचणी लावून परत करायचं असतं.

मी एक कोरा लिफाफा काढला,
घरचा, कचेरीचा नव्हे.
त्यावर गव्हर्नरांचा पत्ता घातला,
फ्रँकफर्ट, केंटकी, ठळक अक्षरांत,
आणि तुमचं तिकीट जिभेवर ओलं करून चिकटवलं.
छापील उत्तरासोबत तो घडी करून पाठवतोय.
तुम्ही फक्त आत पत्र घाला.

असं करायचा मला अधिकार नाही.
शोधलं तरी कुठल्या कलमात सापडणार नाही.

तिकीट जरा तिरकं बसलंय.
सरळ करायला गेलो तर फाटेल.