आडवी कातर

काल कालव्याला नेऊन धुतल्या सातही.
टेंभूचं पाणी गार, मेंढ्या अंग चोरून उभ्या,
मी मांडीभर पाण्यात,
आणि काठावरून सुंद्राक्का:
"पोटाखालचं कोण धुणार, तुझा शेठ?"

आज उन्हं वर आल्यावर बाभळीखाली पोतं अंथरलं.
पोत्यावर अक्काची कातर.
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
पात्यांना गोडेतेल.

तेवीस वर्षं मी त्रिशूरला सोनं वितळवलं.
मुशीतला रंग बघून टंच सांगायचो,
तेजाबाच्या धुरात डोळे न चोळता उभा राहायचो.
अक्काला हे सगळं ठाऊक आहे.
इथे त्याचा काही उपयोग नाही, हेही.

"तीनच पाय बांध. चौथा मोकळा सोड.
सगळेच बांधलेस तर ती मरणच समजते."

मी तीन बांधले.
चौथा माझ्या बरगडीत बसला.

कातर कशी धरायची ते ती सांगत नाही,
माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवते.
तिची मूठ माझ्याहून खरबरीत.
आम्ही सगळे दुकानांवर गेलो, कोण कोइमतूर, कोण जालंधर,
तेव्हा कातर बायकांकडे आली.
कुणी दिली नव्हती. खुंटीला लटकत होती.

"उभी कातर घुसते, आडवी सरकते.
डाव्या हातानं चामडी ताण.
ताण म्हणलं, ओढ न्हाई म्हणलं."

पहिलीला मी तीन जागी कापलं.
रक्त थोडंच, हळदीनं भागलं.
मेंढी ओरडली नाही, ते जास्त लागलं.
अक्का ओरडली.
पाऊण तासानं ती उठली तेव्हा अंगावर पायऱ्या पायऱ्या,
बैल सुटून गेल्यावर राहिलेल्या नांगरटीसारख्या.

दुसरीचं सांगत नाही.

तिसरीला कुठंतरी कातरीचा आवाज बदलला.
खर्र खर्र थांबलं
आणि कापड फाटावं तसं एकसलग काहीतरी सुरू झालं.
लोकर आपणहून मागे वळत गेली,
वरून उन्हानं तांबूस पडलेली, आतून काळीभोर, गरम.
अक्का काहीच बोलली नाही.
तिनं तंबाखू मळायला घेतली.

बोटांना ओशट लागलं होतं.
तेजाबानं तडकलेल्या भेगांत ते मुरत गेलं.
इतकी वर्षं डब्या डब्या मलम लावलं होतं मी.

उरलेल्या चार अक्कानं जेवायच्या आत उरकल्या.

दुपारी ढीग तोलला. साडेतीन किलो.
"कोण घेईल?"
"कोण न्हाई. दिघंचीत एक सणगर होता,
त्याच्या मागावर आता कोंबड्या बसत्यात."

मी म्हणालो, दुकानात आम्ही झाडलोटीची मातीसुद्धा विकायचो.
वर्षाअखेर पायपुसणं जाळून
त्याच्या राखेतून सोनं काढायचो.

अक्का हसली नाही.
"मग ह्ये बी जाळून बघ," म्हणाली,
आणि ढीग पाटीत भरून डाळिंबाच्या रोपांकडे निघाली.
बुडाशी घातलं की ओल धरतं म्हणे.

सांजंला कोकरं सोडली.
चार आपापल्या कासेला जाऊन भिडली.
पाचवं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं,
अर्ध्या वाटेत थांबलं.
समोर कुणीतरी हडकुळं, मानेचं लांब, उघडं.
त्यानं हुंगलं. मागं सरलं. आईच्या नावानं ओरडलं.
समोरूनच ओ आली,
तर आणखी मागं सरलं.

लेक अडीच वर्षांची असताना मी दिवाळीला आलो होतो.
उंबऱ्याशी ती पदर धरून उभी,
माझ्याकडे नाही, माझ्या बॅगेकडे बघत.
मी एकदा हाक मारली.
मग पुढं काय करायचं ते न कळून
पाय धुवायला गेलो.

मी कोकराला उचलायला उठलो, तर अक्का म्हणाली,
"बस खाली.
ती हाक मारतीय न्हवं? मारू दे."

मी बसलो.
पात्यांना तेल लावत राहिलो, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.
वाघरीच्या आत अंधार झाला.
तिकडून एकदा जाड आवाज, एकदा बारीक.
एकदा जाड.