दिवस मावळायच्या आत

दंडाला पट्टा बांधायचा, आधी डावा, मग उजवा.
पाच मिनिटं बोलायचं नाही, पायावर पाय नको,
पाठ टेकलेली हवी. मग पुन्हा एकदा.
माझं काम एवढंच, आकडे लिहिणं.
बाकीचं पुण्यात कुणीतरी बघतं.

राजमती बिरनाळे, हुपरी, वय सव्वीस.
आजीचं नाव ठेवलंय, तिनं आपणहून सांगितलं
आणि हसली, कारण फॉर्मवर
मी नावाच्या जागी के-११७ लिहिलं.
बारावा आठवडा.
पैंजणांना घुंगरं जोडायचं काम घरातच,
बोटांच्या टोकांवर डाखाचे बारीक चटके,
सुई टोचली तेव्हा तिनं बघितलंही नाही.

दोन नळ्या रक्त.
एक आजच्यासाठी, एक उणे ऐंशीच्या फ्रीजरसाठी.
भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
पाचवीतल्या पोरीसारखी तिनं ती मोठ्यानं वाचली.
"म्हंजे ठावं असून सांगत न्हाईसा."
कायदा आहे, मी म्हणाले.

संमतीपत्राच्या चौथ्या पानावर
आणखी एक न सांगणं होतं:
नमुन्यांचे निष्कर्ष अभ्यास संपेपर्यंत बंद राहतील.
मीच वाचून दाखवलं.
त्याची पाटी नव्हती.

तिसाव्या आठवड्यात आली ती वडापनं,
नवऱ्याच्या चपला घालून.
जोडवी त्यानंच कापून काढली होती, कामाच्या कातरीनं.
"अख्ख्या गावाच्या पायांची मापं हायती घरात,
माझंच हुकलं बगा."
डोळ्यांपुढं काजवे. एकशे सत्तर, एकशे बारा.
मी पुन्हा मोजलं.
पाच मिनिटं बोलू नका, म्हणाले तिला,
नियमाप्रमाणे.

पुढचं मी पाहिलं नाही. रकान्यांत आलं:
एकतीस आठवडे.
नऊशे साठ ग्रॅम.
चार दिवस.

वर्षानं नळ्या बर्फाच्या पेटीतून गेल्या, यादी आली.
वारेतून आईच्या रक्तात उतरणारं एक प्रथिन,
के-११७ च्या पुढं अगदी तळाला.
बाराव्या आठवड्यापासून तसंच,
माझ्या खुर्चीपासून अकरा पावलांवर.
लाइट गेली की मीच पळायचे जनरेटर लावायला,
त्यातलं काही खराब होऊ नये म्हणून.

इनामदार मॅडम म्हणाल्या, अगं, अशा आकड्यांवरूनच
रेषा कुठं मारायची ते कळतं.
खरं आहे. रेषा मारली. त्यांनी पट्टी धरली,
मी पेन.
त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

गेल्या सोमवारी ती परत आली. दिवस गेलेत.
पायांत जोडवी नव्हती.
"तवाच्या त्या नळीत दिसलं असतं का वो?"
मी मनात चौथं पान चाळलं. कायदा शोधला.
मग हो म्हणाले.
ती पाटीकडं बघत राहिली, या वेळी मनातल्या मनात.
बाहेर लिफ्टचं दार कुणीतरी उघडंच ठेवलं होतं,
ते ओरडत होतं.
मग तिनं दंड पुढं केला.
डावा. क्रम पाठ होता तिला.

या खेपेला नळी फ्रीजरपाशी थांबली नाही.
आज आकडा आला, आणि पांढरी, बारकी गोळी:
रोज रात्री झोपताना एक, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत.

"रातीचं आम्ही तोंडात काय घालत न्हाई.
दिवस मावळायच्या आत घेतली तर चालंल न्हवं?"

फॉर्मवर वेळेसमोर नुसतं 'रात्री' छापलंय.
मॅडमना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला.
तोवर तिनं पाकीट फोडून गोळी तळहातावर घेतली होती,
पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून
माझ्याकडं बघत होती.
खिडकीत ऊन अजून हातभर होतं.