फळ्याचा उजवा कोपरा

वार, तारीख. पट सत्तेचाळीस, हजर पंचेचाळीस.
त्याखाली यंदा आणखी एक ओळ असते :
वारा – बागेकडून.
किंवा, वारा – रस्त्याकडून.
नाशिकहून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं,
हे कुठल्या परिपत्रकात आहे?
म्हटलं, कुठल्याच नाही.

शाळा आणि द्राक्षं यांच्यामध्ये
तारेचं कुंपण आहे, त्याला बांधलेली एक जुनी साडी.
ऑक्टोबरची छाटणी झाली, पोंगे फुटले
की ब्लोअर सुरू होतो, ऐन परिपाठाच्या वेळेला.
ऊन चढलं की औषध टिकत नाही,
प्रतिज्ञाही.

त्या मंगळवारी धुकं होतं,
डावणीचं भय सगळ्या शिवारात.
'सारे भारतीय माझे' इथपर्यंत आलो
आणि दुसरीतला कौतिक मटकन खाली बसला.
मग आणखी चौघं. डोळे चोळत. एकाला ओकारी.
मागच्या रांगेत कुणी हसलं, मग तेही खोकलं.
दिंडोरीहून गाडी येईस्तोवर
हापशावर तोंडं धूत राहिलो.

दुपारपर्यंत सगळे बरे. लंगडी खेळायला लागले.
अवघड तेच होतं.
सगळे बरे झाल्यावर घरी काय कळवायचं?

हेडसर म्हणाले, लिहा :
काही विद्यार्थ्यांना किरकोळ त्रास झाला,
काळजीचे कारण नाही.
लिहिलं. खोडलं.
किरकोळ हा शब्द दुकानावर शोभतो.
आणि कारण तर कुंपणापलीकडे उभं होतं,
अंगावर मोरचुदाचे निळे डाग, मागे सहाशे लिटरची टाकी.
त्याच कारणानं शाळेला दोन पंखे दिलेत,
दर पंधरा ऑगस्टला जिलबी.

रात्री अकराला पालकांच्या गटावर टाकलं :
पाच मुलं. किती वाजता. काय काय झालं.
औषध कोणतं, ते आम्हाला अजून माहीत नाही; विचारतो आहोत.
फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद, परिपाठ वर्गात.
डोळे लाल दिसले तर चोळू देऊ नका,
भरपूर पाण्यानं धुवा, दवाखान्यात न्या.

दौलतअण्णा गटात आहेतच.
दोन निळ्या खुणा. बाकी काही नाही.
सकाळी सहाला फोन : बाई, मला आधी सांगायचं होतं.
म्हटलं, अण्णा, तुम्हीच आधी सांगायचं होतं.
पलीकडे मोटारीचा आवाज तेवढा.
मग बाटली उजेडात धरून असावेत,
एकेक अक्षर वाचत त्यांनी औषधाचं नाव सांगितलं.

पण गटावर घरं एकोणीस.
बाकीची मुलं पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांची,
पॅकहाऊसमागच्या पत्र्यांत राहणारी.
तिथं फोन साधा, आणि कागद चुलीत जातो.
म्हणून तिकडची सूचना तोंडपाठ करून पाठवायची,
पाढ्यासारखी.
चौथीतल्या तुळसा भोयेला दोनदा म्हणायला लावली.
दुसऱ्यांदा ती मध्येच थांबली :
बाई, आय तर दिवसभर तिथंच असते, विरळणीला.
तिनं कोणती खिडकी लावायची?

खडू हातात होता. हातातच राहिला.

संध्याकाळी तिच्यामागून गेले.
दगडावर उभी राहिली, हात मागे बांधून,
आणि सगळं म्हणाली त्यांच्या बोलीत.
मला निम्मंच कळलं.
भाकरी थापणारे हात थांबले होते.
शेवटी तिनं एक ओळ जोडली,
माझ्या कागदावर नसलेली.
परतताना विचारलं, काय गं म्हणालीस?
काही नाही बाई. म्हटलं, आय, तू पण.

गुरुवार. पट सत्तेचाळीस, हजर सेहेचाळीस.
वारा – बागेकडून.
खिडक्या लावल्यात. वर्गात कोंदट, पेरूचा वास,
कुणाच्या तरी दप्तरात पिकलेला असणार.
अण्णांना फोन लावते आहे, लागत नाही.
वळून पाहिलं तर फळ्यावर,
माझ्या ओळीखाली, माझं नसलेलं अक्षर :
बागेत बाया आहेत.